वाचकांचे प्रश्न : व्हॉलीबॉलमधील ‘डबल’, रोटेशन आणि लिबेरो

शालेय स्पर्धांच्या हंगामानिमित्त व्हॉलीबॉलविषयी मागवलेल्या प्रश्नांना वाचकांनी भरभरून प्रतिसाद दिला. पत्रांतील बहुतेक वाद चेंडू हाताला लागतो त्या क्षणाविषयी किंवा सर्व्हिस मारली जाते त्या क्षणाविषयी आहेत, म्हणून त्यांनाच अधिक जागा दिली आहे. उत्तरे आंतरराष्ट्रीय नियमांना धरून आहेत. आयोजकांनी आपल्या स्पर्धेपुरते काही बदल केले असतील, तर सामन्याआधी ती नियमावली मागून वाचावी.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मुलींच्या सामन्यात समोरून आलेली जोरकस सर्व्हिस आमच्या खेळाडूच्या मनगटांना लागली, तिथून तिच्या छातीला लागून वर उडाली आणि दुसऱ्या मुलीने ती उचलली. आम्ही ‘डबल, डबल’ असे ओरडलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे ऐकून खेळ थांबवला. पंचांनी मात्र शिट्टी वाजवलीच नव्हती. पंच चुकले का? (एक क्रीडाशिक्षिका, सातारा जिल्हा)

पंचांचा निर्णय बरोबर होता. एकाच खेळाडूने चेंडूला लागोपाठ दोनदा स्पर्श करू नये, हा सर्वसाधारण नियम खरा. परंतु संघाच्या पहिल्या स्पर्शाला त्यातून सवलत आहे. समोरून आलेला चेंडू, मग ती सर्व्हिस असो वा स्मॅश, घेताना तो एकाच प्रयत्नात खेळाडूच्या शरीराच्या एकाहून अधिक भागांना लागला, तरी तो एकच स्पर्श मानतात. मनगटावरून छातीवर आणि छातीवरून वर, हे सारे एका झटक्यात घडले असेल तर खेळ चालू राहतो. त्याच मुलीने आधी चेंडू वर उडवला असता आणि मग वेगळी हालचाल करून पुन्हा मारला असता, तर ते दोन प्रयत्न झाले असते आणि ‘डबल’ देणे योग्य ठरले असते. ही सवलत फक्त दोनदा लागण्यापुरती आहे; पहिल्या स्पर्शातही चेंडू धरून ठेवला किंवा हातात घेऊन फेकला, तर ती चूकच आहे. पंच ‘डबल’साठी दोन बोटे फाकवून वर दाखवतात आणि चेंडू धरल्याबद्दल तळहात वर करून हात सावकाश उचलतात. विद्यार्थिनींना या दोन खुणा ओळखायला शिकवावे आणि शिट्टी ऐकू आल्याशिवाय खेळ सोडायचा नाही, हे तर त्याहून आधी शिकवावे.

‘डबल’चा खरा प्रश्न येतो तो दुसऱ्या स्पर्शात, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या लिफ्टरच्या हातात. बोटांनी चेंडू उचलताना एक हात आधी आणि दुसरा नंतर लागला, तर पंच शिट्टी वाजवू शकतात. हातातून सुटलेला चेंडू गरगर फिरला की प्रेक्षक लगेच ‘डबल’ म्हणतात. पण फिरणारा चेंडू ही फार तर एक खूण आहे, पुरावा नव्हे, आणि चांगला पंच चेंडू कसा गेला यापेक्षा हात कसे लागले ते पाहतो. आता तंत्राकडे येऊ, कारण लिफ्टरच्या चुका हातात दिसत असल्या तरी बहुतेक वेळा त्यांचे मूळ पायांत असते. पास, म्हणजे पहिल्या स्पर्शात लिफ्टरकडे दिलेला चेंडू, जरा बाजूला आला की नवशिकी लिफ्टर जागेवरूनच हात लांबवते. मग जवळचा हात चेंडूला आधी पोहोचतो आणि लांबचा मागाहून, म्हणजे चूक तिथेच ठरून जाते. उलट पाय आधी चेंडूखाली नेले, कपाळ बरोबर त्याच्या खाली आले आणि गुडघे किंचित वाकलेले राहिले, तर दोन्ही हात आपोआप एकाच वेळी लागतात. हातांची रचना कपाळापासून साधारण वीतभर वर करावी. बोटे पसरलेली आणि सैल असावीत, दोन्ही अंगठे व तर्जन्या मिळून मध्ये एक त्रिकोण दिसावा आणि अंगठे समोर रोखलेले नसून आपल्या कपाळाकडे वळलेले असावेत. चेंडू तळहाताला लागता कामा नये. तळहाताला लागलेल्या चेंडूचा ‘थप’ असा आवाज येतो आणि नीट उचललेल्या चेंडूचा आवाज जवळजवळ येतच नाही, त्यामुळे भिंतीवर सराव करताना मुलींना कानही उघडे ठेवायला सांगावे.

प्रश्न : माझा मुलगा तालुका पातळीवर खेळतो. एका सामन्यात समोरची सर्व्हिस सुरू होताच पंचांनी बोट गोल फिरवले आणि चेंडू कोणाच्या हाताला लागण्याआधीच गुण गेला. ‘रोटेशन चुकले’ असे मुले म्हणाली. हे रोटेशन म्हणजे नेमके काय, आणि त्यात उभे राहण्याची चूक कशी होते? (एक पालक, नगर)

सहा खेळाडूंच्या जागांना क्रमांक असतात. मागे उजवीकडे, जिथून सर्व्हिसची पाळी येते, ती एक नंबरची जागा. तिच्या पुढे जाळ्याजवळ उजवीकडे दोन, जाळ्याजवळ मध्यभागी तीन, डावीकडे चार, त्याच्या मागे पाच आणि मागे मध्यभागी सहा. समोरच्या संघाची सर्व्हिस मोडून आपल्याकडे सर्व्हिस आली की सर्वांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा सरकायचे. दोन नंबरचा खेळाडू एकवर येतो आणि सर्व्हिस मारतो. आपलीच सर्व्हिस चालू असताना गुण मिळाला, तर सरकायचे नाही आणि तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो. गुणलेखकाच्या तक्त्यावर हा क्रम सेट सुरू होण्यापूर्वी लिहिलेला असतो आणि त्या सेटमध्ये तो बदलता येत नाही.

आपण विचारलेली चूक ही पाळीची नसून उभे राहण्याच्या जागेची आहे. मैदानावर या जागांच्या रेषा आखलेल्या नसतात, त्यामुळे ‘माझ्या चौकोनात मी होतो’ या म्हणण्याला अर्थ नसतो. सारी तुलना फक्त शेजाऱ्याशी होते. मागच्या ओळीतील खेळाडूने आपल्या नेमक्या समोरच्या खेळाडूच्या पुढे जाऊन उभे राहायचे नाही, म्हणजे पाच नंबरने चारच्या, सहाने तीनच्या आणि एकने दोनच्या पुढे नाही. तसेच एकाच ओळीत मधल्याने आपल्या उजव्या-डाव्या शेजाऱ्याला ओलांडायचे नाही. पाच नंबरचा खेळाडू तीन नंबरच्या पुढे उभा असला तर काहीच बिघडत नाही, कारण त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो. तुलना जमिनीवर टेकलेल्या पायांवरून होते, हातांवरून किंवा खांद्यांवरून नाही. आणि ही तुलना ज्या क्षणी समोरच्याचा हात सर्व्हिसच्या चेंडूला लागतो, त्याच एका क्षणापुरती असते. त्यानंतर कोणी कुठेही धावावे.

मुलाच्या संघात काय घडले असेल याचा अंदाज बांधता येतो. सर्व्हिस घेताना लिफ्टर मागच्या ओळीत असेल, तर त्याला लवकरात लवकर जाळ्याजवळ पोहोचायचे असते. एक नंबरवरचा लिफ्टर दोन नंबरच्या खेळाडूच्या पाठीमागे अगदी चिकटून उभा राहतो आणि सर्व्हिस सुटण्याआधीच अधीरपणे एक पाऊल पुढे टाकतो. ते पाऊल शेजाऱ्याच्या पुढे पडले की चूक झाली, गुण समोरच्याकडे गेला आणि सर्व्हिसही त्याच्याकडेच राहिली. यावर उपाय सोपा आहे. लिफ्टरने समोरच्याच्या चेंडूफेकीकडे न पाहता त्याच्या हाताकडे पाहावे आणि हात चेंडूला लागल्यावरच पाऊल उचलावे. तेवढ्याने त्याचा उशीर होत नाही, कारण सर्व्हिस जाळ्यापलीकडून यायला आणि पास वर उडायला जो वेळ लागतो, तो तीनचार पावलांना पुरतो.

प्रश्न : मुलगी उंचीने कमी आहे म्हणून प्रशिक्षक तिला लिबेरो करत आहेत. हे तिला बाजूला काढणे तर नव्हे ना? लिबेरोला नेमके काय करता येत नाही? (एक आई, पुणे)

लिबेरो ही भूमिका आंतरराष्ट्रीय खेळात १९९८ साली आली. उंच खेळाडूंच्या स्मॅशपुढे बचाव टिकेना आणि चेंडू एकदोन स्पर्शांतच जमिनीवर आपटू लागला होता. फक्त बचावासाठी एक खेळाडू ठेवला तर खेळ लांबेल, हा तिच्यामागचा विचार होता. वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला हा खेळाडू मागच्या ओळीतील कोणाच्याही जागी, बदलीच्या ठरावीक संख्येत न धरता, आत-बाहेर करू शकतो. त्याला ब्लॉक, म्हणजे जाळ्याजवळ हात उंचावून समोरचा चेंडू अडवणे, करता येत नाही आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सर्व्हिसही करता येत नाही. जाळ्याच्या वरच्या कडेपेक्षा पूर्ण वर असलेला चेंडू त्याने कुठूनही पलीकडे मारायचा नाही. आणखी एक बारकावा मुलीला जरूर सांगावा : मध्यरेषेपासून तीन मीटरवर आखलेल्या रेषेच्या पुढे उभे राहून लिबेरोने बोटांनी चेंडू उचलला, तर तो जाळ्याच्या वर असताना सहकाऱ्याला स्मॅश करता येत नाही. हाच चेंडू त्या रेषेच्या मागून उचलला किंवा अंडर आर्मने, म्हणजे जोडलेल्या हातांनी खालून, दिला, तर बंधन नाही.

बाजूला काढण्याचा प्रश्नच नाही. सर्व्हिस चांगली घेतली गेली नाही तर लिफ्टर आणि स्मॅशर दोघेही निरुपयोगी ठरतात. तथापि तेराचौदा वर्षांच्या मुलीला फक्त लिबेरो म्हणून घडवू नये, असे माझे मत आहे. या वयात उंची अजून वाढायची असते. स्मॅश आणि सर्व्हिस या दोन्हींचा सराव तिला मिळालाच पाहिजे, आणि तो मिळतो का, एवढे आपण प्रशिक्षकांना अवश्य विचारावे.

प्रश्न : आम्ही मंडळाची मुले संध्याकाळी खेळतो. आमच्यातले जुने खेळाडू म्हणतात की पाय लागला तर फाऊल, जाळीला केस लागला तरी फाऊल, सर्व्हिस जाळीला लागून पलीकडे पडली तर तीही फाऊल, आणि गुण फक्त आपली सर्व्हिस असतानाच मिळतो. खरे काय? (कोल्हापूरजवळच्या एका गावातील तरुण)

आपल्या ज्येष्ठांना त्यांच्या वेळचे नियम पक्के आठवतात, म्हणून त्यांचा अवमान न करता नवे सांगावे. पूर्वी सर्व्हिस असणाऱ्या संघालाच गुण मिळत असे आणि सेट १५ गुणांचा असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक चेंडूवर गुण देण्याची पद्धत आली. आता पहिले चार सेट २५ गुणांचे, पाचवा १५ गुणांचा आणि प्रत्येक वेळी दोन गुणांची आघाडी आवश्यक. सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे गेला तर खेळ चालू राहतो. चेंडू शरीराच्या कोणत्याही भागाने, अगदी पायानेही खेळता येतो. सर्व्हिस मात्र हातानेच करायची.

जाळीच्या बाबतीत सध्याचा नियम असा आहे की चेंडू खेळण्याच्या क्रियेत, म्हणजे उडी घेण्यापासून सावरून उतरेपर्यंत, दोन अँटेनांच्या, म्हणजे जाळीच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या उभ्या काठ्यांच्या, मधल्या जाळीला स्पर्श झाला तर ती चूक. समोरच्याने मारलेल्या चेंडूमुळे जाळी हलून आपल्याला लागली, तर तो दोष आपला नाही. मध्यरेषेवरून पाय पलीकडे गेला तरी त्याचा काही भाग रेषेवर किंवा तिच्या वर असेपर्यंत चालते; पूर्ण पाऊल पलीकडे पडले की गुण गेला. ब्लॉकला लागलेला चेंडू संघाला मिळणाऱ्या तीन स्पर्शांत मोजत नाहीत, म्हणून ब्लॉकनंतर संघाला पुन्हा तीन स्पर्श मिळतात आणि ब्लॉक करणाऱ्यालाही त्यांतला पहिला स्पर्श करता येतो. हा शेवटचा मुद्दा गावोगावच्या सामन्यांत सर्वाधिक भांडणे लावतो. रेषेचा वादही इथेच मिटवू : चेंडूचा थोडासा भाग रेषेला टेकला तरी तो आतच.

प्रश्न : मी पस्तिसाव्या वर्षी कार्यालयीन संघात खेळू लागलो. माझा स्मॅश दहातून सात वेळा जाळीत जातो आणि सर्व्हिस सहज उचलली जाते. उंची बेताची आहे. काय करावे? (ठाणे)

उंचीला दोष देण्याआधी वेळ तपासावी. पुरुषांच्या जाळीची उंची २.४३ मीटर असते (स्त्रियांसाठी २.२४), आणि बेताच्या उंचीचा खेळाडूही चेंडू योग्य वेळी गाठला तर तिच्यावरून मारू शकतो. चेंडू जाळीत जातो, याचा बहुधा अर्थ असा की आपण उशिरा पोहोचता : तोवर चेंडू खाली आलेला असतो किंवा शरीराच्या फार पुढे राहिलेला असतो, आणि खालच्या चेंडूला वरून झोडले की तो जाळीतच जाणार. याउलट फार लवकर उडी घेतली तर चेंडू डोक्यामागे राहतो आणि रेषेबाहेर जातो. उजव्या हाताने मारणाऱ्याने तीन पावले टाकावीत : डावे, मग उजवे, आणि लगेच डावे. पहिले पाऊल सावध आणि संथ, कारण लिफ्टचा चेंडू कुठे जातो ते तेव्हा कळते. शेवटची दोन भरभर. उजवे पाऊल टाकताना दोन्ही हात मागे गेलेले असावेत आणि डावे पाऊल येताच ते पुढून वर झेपावावेत, कारण उडीतली बरीचशी उंची या झोक्यातून मिळते. चेंडूला हात लागताना तो खांद्याच्या किंचित पुढे, पूर्ण सरळ आणि बोटे पसरलेला असावा. महिनाभर ताकद विसरून निम्म्या जोराने मारून पाहावे.

सर्व्हिससाठी फ्लोट शिकावी. आपल्या वयाला आणि खांद्याला तीच मानवते. चेंडू फार वर उडवू नये, डोक्यापेक्षा हातभर वर पुरेसा आहे. मनगट ताठ ठेवून तळहाताच्या खालच्या कठीण भागाने चेंडूच्या मध्यभागी एक आखूड फटका द्यावा आणि हात तिथेच थांबवावा, पुढे ओढू नये. असा चेंडू फिरत नाही. त्यामुळे त्याच्याभोवतीची हवा दोन्ही बाजूंनी सारखी सुटत नाही आणि तो वाटेत कधी डावीकडे तर कधी एकाएकी खाली ढळतो. चेंडूवरची कंपनीची खूण हवेत स्पष्ट वाचता आली, तर सर्व्हिस जमली; ती गिरकी घेताना दिसली, तर हात चेंडूच्या मध्यावर न लागता बाजूला लागला आहे. पंचांच्या शिट्टीनंतर सर्व्हिससाठी आठ सेकंद मिळतात. त्यांतली दोनतीन सेकंद, समोर पास घेणाऱ्यांपैकी कोण अवघडून उभा आहे ते पाहण्यात घालवावीत आणि चेंडू त्याच्याकडेच पाठवावा.