रानातली शेंगवर्गीय झाडं ओळखायचीत? आधी पान उलटून बघ

अरे फुलाचा फोटो काढून नाव विचारू नकोस, नुसत्या त्यावरून नेहमी नक्की कळत नाही, पान देठासकट बघ. शेंगवर्गात बहुतेक पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर छोट्या पर्णिका, आणि देठाच्या बुडाशी जरा फुगीर सांधा, त्यामुळेच टाकळ्याची पानं रात्री मिटतात.

आता टाकळा आणि कासविंदा यात सगळेच घोळ घालतात. टाकळ्याला पर्णिकांच्या तीनच जोड्या, टोक गोल, शेंग बारीक लांब. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार आणि देठाच्या अगदी बुडाशी एक ग्रंथी, म्हणजे छोटासा गाठीसारखा फुगवटा, टाकळ्यात ती खालच्या पर्णिकांच्या मधे असते. दोघांचं फूल पिवळं, पाच पाकळ्या सुट्या, म्हणजे वाटाण्याच्या फुलासारखं नाही, त्यामुळे नवीन माणूस म्हणतो हे शेंगवर्गातलं नाहीच!

उन्हाळी नावाची वनस्पती ओळखायची तर पर्णिका टोकाला धरून ओढ, इंग्रजी व्ही सारखी तुटते, मला ही टेस्ट फार आवडते. खुळखुळा नावाच्या झुडपाची फुगीर वाळलेली शेंग हलवली की वाजते, बाकी काही सांगायला नको.

तीन पर्णिका दिसल्या की लगेच शेंगवर्ग म्हणू नकोस, आंबुशीलाही तीनच असतात.

आणि वेलावर तपकिरी केसाळ, वळलेल्या शेंगा असतील तर लांबूनच बघ, ती खाजकुयली, मी एकदा हात लावला नि दोन तास खाजवत बसलो होतो. गुंज सुंदर दिसते पण बी विषारी आहे, पोरांच्या हाती देऊ नकोस.