फेब्रुवारीत स्पितीला तंबू टाकावा का?

प्रश्न : आम्ही पुण्याचे सातजण, तीन फोर-बाय-फोर गाड्या. फेब्रुवारीत हिमाचलमधल्या स्पितीत, काझा गावाजवळ बर्फात मुक्काम ठरलाय, पण अंदाज बर्फवृष्टीचा आहे. निघावं का?

उत्तर : निघा, पण तारखांचा हट्ट सोडा. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, म्हणजे मनालीकडून वाट नाही. शिमला, कल्पा, नाकोमार्गेच जायचं आणि तसंच परतायचं. दोन दिवस हाताशी जादा ठेवा. बर्फ पडू लागला तर नाकोतच थांबा, सीमा सडक संघटनेची यंत्रं रस्ता मोकळा करीपर्यंत. फोर-बाय-फोर गाडी चढ चढवते, पण काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर तिचाही ब्रेक लागत नाही.

चाकांच्या साखळ्या घरीच, हातमोजे घालून, चढवून बघा. मी पहिल्यांदा थेट बर्फात बसलो, तेव्हा एका चाकाला चाळीस मिनिटं लागली आणि बोटं बधिर झाली. रात्री हँडब्रेक लावू नका, तो गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

आणि कळकळीनं सांगतो, तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. हीटरसाठी इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणंही तितकंच घातक, सायलेन्सर बर्फानं बुजला की धूर आत येतो.

काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, विरळ हवेचा त्रास होतो. पहिल्या दोन रात्री गावातल्या घरीच काढा. सातपैकी एकाचंही डोकं दुखत असेल, तर तंबू गाडीतच राहू द्या.