आधी ती गोगलगाय नीट बघ

प्रिय मित्रा,

तुझ्या चित्राचा फोटो मिळाला, दोन दिवस झूम करकरून बघतोय. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स दलदलीमधलं हॅमक, म्हणजे झाडीचं बेट, निवडलंस हे भारी केलंस, आजूबाजूला पाणथळ गवताचा पसारा आणि मध्येच जराशा उंचवट्यावर महोगनी आणि गंबो लिंबोची गच्च झाडी, म्हणजे चित्राला बेटाचा आकार आयताच मिळतो. मग ती झाडी चारही कडांपर्यंत का भरलीस? खाली गवताची एक आडवी पट्टी सोड की.

पशुपक्षी भौमितिक आकारांत काढणाऱ्या चार्ली हार्पर या अमेरिकन चित्रकाराचा नाद लागलाय ते दिसतंय, मलाही होता. त्याचे त्रिकोण-वर्तुळं बघून वाटतं सोपंय, पट्टी-कंपास घेतला की झालं. आपण पिसं मोजत नाही, पंख मोजतो असं तो म्हणायचा, पण पंख कसा चालतो हे त्याला पक्कं ठाऊक असायचं, उगाच नाही त्याने स्टाइलला 'मिनिमल रिअ‍ॅलिझम' म्हटलं.

आता तुझी ती लिगस, झाडावर राहणारी गोगलगाय. पट्टे झकास, पण तिला ऐटीत पानावर बसवलंयस. ती गुळगुळीत सालीवरचं शेवाळ आणि लायकेन खरवडून खाते रे, आणि पाऊस नसतो त्या महिन्यांत शंखाचं तोंड सालीला घट्ट चिकटवून गप्प पडून राहते. एवढं कळलं की निम्मं काम झालं, खोडाची उभी पट्टी, त्यावर पट्टेरी शंकू, आणि ती जिथून चरत गेली तिथे शेवाळ पुसल्यासारखी एक नागमोडी वाट. बास.

गंबो लिंबोची साल तांबडी, पापुद्रे निघणारी, उन्हात भाजलेल्या पाहुण्यांवरून त्याला 'टुरिस्ट ट्री' म्हणतात. दोन-तीन वळलेले पापुद्रे पुरेत, तू चाळीसेक काढलेत.

पँथर काढून टाक. तो तिकडचाच आहे, चूक काही नाही, पण तो असला की बाकी कुणाकडे लक्षच जात नाही. (मीही रिकामा कोपरा दिसला की पक्षी चिकटवायचो, एकदा मोजले तर अकरा निघाले, लाज वाटली.) त्यापेक्षा झेब्रा लाँगविंग फुलपाखरं घे, काळ्यावर पिवळे पट्टे, रात्री घोळक्याने एकाच फांदीला लटकून झोपतात, सात-आठ एका रांगेत लाव, शंखाच्या पट्ट्यांशी आपोआप जमून जातील.

हिरव्या रंगाच्या नऊ छटा मोजल्या मी. तीनवर ये.

आणि डावीकडे ती काळी लांबडी भानगड स्ट्रँगलर फिग (दुसऱ्या झाडाला विळखा घालणारं अंजीरवर्गीय झाड) आहे की तुझ्या फोनची सावली, ते कळव.