धावपट्टी लांब होती, तरी विमान बाहेर का गेलं?

कंपनीसाठी विमान भाड्याने घेऊ पाहणाऱ्या एकाचा प्रश्न असा आहे की, मुंबईची धावपट्टी एवढी मोठी, मग 14 सप्टेंबर 2023 ला तिथे उतरताना लिअरजेट हे छोटं खासगी जेट विमान बाहेर कसं गेलं, आणि वैमानिक पुन्हा वर का गेले नाहीत. मी बरीच वर्षं उड्डाण शिकवलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लांबीचा मुद्दा आधी काढून टाका. 27 क्रमांकाची ती धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. अशा जेटला ओल्यातही त्याच्या निम्मी पुरते. धावपट्टी संपली म्हणून ते विमान बाहेर गेलं नाही. विशाखापट्टणमहून आलेल्या त्या विमानाच्या वेळी जोरदार पाऊस होता, दृश्यमानता 700 मीटर. अपघात-तपासाच्या प्राथमिक अहवालानुसार ऑटोपायलट (विमान आपोआप चालवणारी यंत्रणा) काढल्यावर विमान उजवीकडे सरकलं, स्टॉलची, म्हणजे पंखाचा आधार सुटतोय अशी, सूचना वाजली आणि ते धावपट्टीच्या उजव्या बाजूला आपटलं. विमान तुटलं, आग लागली, पण आठही जण वाचले.

आता आकडे बघा. असं जेट शेवटच्या टप्प्यात 120 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आगेमागे येतं, म्हणजे सेकंदाला साधारण 60 मीटर. 700 मीटर दिसतंय म्हणजे पुढचे अकरा-बारा सेकंद दिसताहेत. 200 फुटांवर धावपट्टी दिसली नाही तर वर जायचं, हा नेहमीचा नियम. तिथून जमिनीपर्यंत वीसेक सेकंद उरतात. तेवढ्यात नजर काट्यांवरून बाहेर न्यायची, ऑटोपायलट काढायचा, वाऱ्याचा धक्का सावरायचा, मध्यरेषा धरायची. त्यात काचेवर पाण्याचा थर असला की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि हात नकळत नाक खाली करतो.

स्टॉलबद्दल गैरसमज फार आहे. इंजिन बंद पडणं म्हणजे स्टॉल नव्हे. वेग कमी आणि नाक वर, असं झालं की पंखावरची हवा सुटते आणि पंख विमान उचलून धरत नाही. इंजिन व्यवस्थित चालू असतं! म्हणून शेवटचा वेग स्टॉलच्या वेगाच्या 1.3 पट ठेवतात. जमिनीजवळ हे झालं तर सावरायला उंचीच नसते. छोट्या प्रोपेलरच्या विमानांत हाच घोळ शेवटच्या वळणावर होतो: वळण चुकतंय म्हणून पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) जास्त दाबायचा, विमान आतल्या पंखावर कोसळतं. विद्यार्थ्यांना हे कितीदा सांगावं लागतं, विचारू नका.

उलट टोकही आहे. वेग दहा टक्के जास्त असेल तर थांबायचं अंतर वीसेक टक्के वाढतं. धावपट्टीच्या तोंडाशी 50 फूट जास्त उंच आलात तर टेकण्याआधीच जवळपास 300 मीटर संपले. छोट्या धावपट्ट्यांवर एवढ्यावरच खेळ आटोपतो.

मग ‘गो-अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं, का घेत नाहीत? माझं स्पष्ट मत: धावपट्टी न दिसण्याची गोष्ट वेगळी, पण विमान नीट जुळलेलं नसेल तर तो निर्णय 200 फुटांपर्यंत लांबवायचाच नसतो. ढगात असाल तर 1000 फुटांवर, स्वच्छ हवेत 500 फुटांवर वेग, उतरण, दिशा जुळलेली नसली की थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे आणि वर, चर्चा नको. खाली आल्यावर ‘आता जमेल’ असं वाटायला लागतं, आणि मागे सहा प्रवासी मीटिंगला निघालेले असतील तर जास्तच. त्या दिवशी मुंबईत असंच झालं असं मी म्हणत नाही. एकूण धंद्यात हे चालतं.

 

तुम्ही कंपनीसाठी विमान भाड्याने घेणार आहात असं लिहिलंय. पावसाळ्यात बुकिंग करताना दोनच गोष्टी विचारा: पर्यायी विमानतळ कोणता, आणि तिथे उतरावं लागलं तर जादा तास कोणाच्या खात्यावर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘आमच्या’ असं तुम्हीच लेखी देऊन टाका आणि ते वैमानिकांना आधी कळू द्या, म्हणजे खर्चाच्या दडपणाखाली ते उतरायचा हट्ट धरणार नाहीत.