नाव माझं, पण वय कुणाचं?

गेल्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की माझं नाव वत्सला, आजीचं ठेवलेलं, आणि कुरिअरवाला फोनवर आधी 'आजी' म्हणतो आणि मग आवाज ऐकून गोंधळतो. एवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार इथे घेतेय.

ताई, मी २४ वर्षांची, मूळ नाशिकची, सध्या पुण्यात आयटीत आहे. माझं नाव गोदावरी, पणजीचं ठेवलंय. मीटिंगच्या यादीत नाव बघून लोकांना वाटतं कुणी वयस्कर मॅडम असतील. बँकेतून कॉल आला तर 'गोदावरीबाईंना फोन द्या' म्हणतात. आता लग्नाचा बायोडाटा बनवतोय तर मावशी म्हणते नाव वाचूनच स्थळं पुढे जातील. बदलून गार्गी करावं असं मनात आहे. करू का?

गोदावरी, आधी तुझ्या त्या गार्गीबद्दल बोलू. ही गार्गी बृहदारण्यक उपनिषदातली, जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला प्रश्नावर प्रश्न विचारणारी. म्हणजे नाव दोन हजार वर्षांहून जुनं आहे, तरी तुला ते तरुण वाटतं आणि गोदावरी म्हातारं वाटतं. का, तर गार्गी नावाची नऊवारीतली बाई तू कधी बघितली नाहीस, मावशीनेही नाही. मावशीच्या डोळ्यांसमोर गोदावरी म्हणजे ओट्यावर वाती वळत बसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली तुमची पणजी. तिचं वय त्या नावाला चिकटलंय आणि ते तू अंगावर घेऊन फिरतेस.

मी हे बरीच वर्षं बघतेय, आईच्या वयाच्या बायकांची नावं आपल्याला सगळ्यात शिळी वाटतात, आजीची जुनी वाटतात, आणि पणजीची किंवा त्याच्याही मागची अचानक नवीकोरी वाटायला लागतात. सई बघ. शिवाजी महाराजांच्या राणीसाहेब सईबाई १६५९ मध्ये गेल्या, तेव्हाचं हे नाव, आणि आज कुठल्याही बालवाडीच्या दारात उभं राहून सई म्हणून हाक मारली तर एखादी तरी वळेलच. रमा, मुक्ता, जानकी, अहिल्या, मुलांमध्ये केशव, माधव, सगळी परत आलीयेत. उलट सुनीता, संगीता, वंदना, सुरेश, रमेश ही आत्ता बारशाला कुणी ठेवत नाही, कारण ती माणसं आपल्यासमोर पेन्शनचे फॉर्म भरतायत, त्यांची नावं मोकळी व्हायला अजून वेळ आहे. गोदावरीची पाळी जवळ आलीय असं मला मनापासून वाटतं, तू फक्त रांगेत जरा पुढे उभी आहेस.

आणि गोदावरी म्हटल्यावर मला पणजी आठवत नाही, गोदावरी परुळेकर आठवतात. १९०७ चा जन्म, वकिलीचं शिक्षण घेतलेली बाई, १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारली लोकांबरोबर वेठबिगारीविरुद्ध उभी राहिली तेव्हा चाळिशीही झालेली नव्हती. त्यांना सगळे गोदूताई म्हणायचे. तुला ऑफिसात छोटं नाव हवंच असेल तर गोदा म्हणायला सांग, दोन अक्षरं, म्हणायला सोपं आणि नाशिकची नदीही हातची जात नाही.

तरी बदलायचंच असेल तर तो तुझा हक्क आहे, अठरा वर्षांवरच्या कुणालाही महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देता येते, अर्ज ऑनलाइन होतो. मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट असं एकेक करत जायचं, आणि दहावी-बारावीच्या नि डिग्रीच्या कागदांवर जुनंच नाव असल्यामुळे राजपत्राची प्रत जन्मभर जपून ठेवायची. जिथे खरंच गरज असते तिथे हे करावंच. साताऱ्यात २०११ मध्ये २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, त्या मुलींना घरच्यांनी नकुसा, नकुशी म्हटलं होतं, म्हणजे नको असलेली. ते ओझं होतं. तुला तर कुणीतरी फार हवीशी असलेली बाई आठवून तिचं नाव दिलंय. आणि जो मुलगा नाव वाचून पुढे जाईल त्याला जाऊ दे, खरंच जाऊ दे.

माझं नाव बेबी. कागदावरपण बेबीच. वय ५८, दोन सुना आल्या, यंदा ग्रामपंचायतीत निवडून आलेय. सभेत 'आता बेबीताई बोलतील' म्हटलं की मागं पोरं हसतात. एका साहेबांनी तर विचारलं, बाई खरं नाव काय तुमचं? मला फार लागलं ते. हेच माझं खरं नाव आहे. (सांगली जिल्हा)

बेबीताई, पहिल्यांदा निवडून आल्याबद्दल अभिनंदन. तुमच्या वयाच्या बेबी गावोगाव आहेत आणि बहुतेकींची गोष्ट एकच असते. घरी लाडाने बेबी म्हणायचे, शाळेत घालायला मोठा भाऊ नाहीतर चुलता घेऊन जायचा, मास्तरांनी विचारलं नाव काय आणि त्याने जे रोज तोंडात होतं ते सांगितलं. जन्मतारीख विचारली तर ती कुणालाच माहीत नाही, मग मास्तरांनीच १ जून टाकली. तुमच्या दाखल्यावरपण १ जूनच असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणजे तुमचं नाव घरात ज्या मायेने घ्यायचे तसंच्या तसं सरकारी कागदावर गेलं, त्यात कमीपणा कसला.

त्या साहेबांना सांगा, फलटणच्या बेबीताई कांबळे याच नावाने लेखिका झाल्या, दलित बाईच्या घरातलं नि घराबाहेरचं सगळं सोसणं त्यांनी लिहिलं आणि मुलांसाठी आश्रमशाळा काढली, त्यांच्या पुस्तकावर बेबी हेच नाव आहे आणि ते वाचताना कुणाला हसू येत नाही. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरी बाळ म्हणायचे, आणि तेच राहिलं. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली ती बाळ गंगाधर टिळकांनाच, इंग्रज सरकारला त्या बाळाची भीती वाटत होती. नारायण राजहंस तर सत्तरी ओलांडली तरी बालगंधर्वच, आणि त्यांच्यानंतर छोटा गंधर्व, तेही म्हातारपणापर्यंत छोटाच. नाव लहान मुलाचं असून माणूस मोठा होतो हे महाराष्ट्राने इतक्यांदा बघितलंय की तुमच्या सभेतल्या पोरांनाही सवय होईल. तुम्ही फक्त एक करा, दुसऱ्याने पुकारायची वाट बघू नका. उठा आणि स्वतःच मोठ्याने सांगा, मी बेबी, अमुक वॉर्डाची सदस्य, आणि लगेच पाण्याच्या टाकीचा किंवा जो काय तुमचा विषय असेल तो मांडा. विषय सुरू झाला की नाव मागे पडतं.

माझं वय ७२, नागपूर. मुलगा-सून बंगलोरला असतात. नातीचं नाव मायरा ठेवलंय. मी म्हटलं, लहानपणी गोड वाटेल पण साठीला 'मायराआजी' कसं वाटेल? माझ्या आईचं नाव द्वारका होतं, ते सुचवलं तर दोघंही गप्प बसले. माझं काही चुकतंय का?

काका, चुकत काहीच नाहीये. पण मायराआजी कसं वाटेल याची काळजी तुम्ही सोडून द्या, ती साठीची होईल तेव्हा भिशीच्या ग्रुपमध्ये सगळ्या मायरा, अन्वी, कियाराच असतील आणि तेव्हाच्या पोरींना तीच म्हातारी नावं वाटतील. तुमच्या तरुणपणी सुनीता नाव किती कोवळं वाटायचं आठवतंय ना, आणि आज सुनीताआज्या नातवंडांना स्कूल बसपर्यंत सोडायला येतात. सचिनचं घ्या. सचिन देव बर्मन १९०६ चे. रमेश तेंडुलकरांना त्यांचं संगीत आवडायचं म्हणून १९७३ साली मुलाचं नाव सचिन ठेवलं, म्हणजे तेव्हा ते एका साठी उलटलेल्या बंगाली माणसाचं नाव होतं. मग त्या मुलाने बॅट हातात घेतली आणि पुढची कित्येक वर्षं सचिन म्हणजे कुरळ्या केसांचं पोरगं. आता शाळेच्या पालकसभेत सचिन हे वडील असतात. नाव तेच, वय तीनदा बदललं.

मला तुमच्या पत्रात खरं दुखणं द्वारकेच्या ओळीत दिसलं. आईचं नाव आता घरात कुणाच्याच तोंडी येणार नाही, हेच ना? आपल्याकडे यासाठीच तर आजोबांचं नाव नातवाला द्यायची पद्धत होती. पेशव्यांच्या घरातच बघा, बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, आणि बाजीरावांचा मुलगा परत बाळाजी. पण त्यांना सगळे नानासाहेब म्हणायचे. कारण सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे, मग तेच नाव लावलेल्या पोराला ती अंगणात हाक कशी मारणार, म्हणून रोजच्या वापराला वेगळं नाव. नाना, अप्पा, बाळ, भाऊ ही किती तरी नावं अशीच रुळली. म्हणजे एका मुलाला दोन नावं ही काही नवी सोय नाही. तुम्ही हट्ट न करता एवढंच मागा की मी तिला द्वारका म्हणेन, मायरा तुमची आणि द्वारका माझी. आणि बंगलोरला जाल तेव्हा आईचा फोटो असेल तर घेऊन जा, ती कशी होती, काय करायची ते सुनेला सांगा. ती गप्प बसली याचा अर्थ तिला आवडलं नाही असा घेऊ नका, तिने द्वारका नावाचं माणूसच बघितलेलं नाही.

ताई, मला महिन्यापूर्वी मुलगी झाली. सासूबाईंचं नाव सुलोचना आहे, मला ते इतकं आवडतं की तेच ठेवावंसं वाटतं, नवराही खूश आहे. पण त्याच नको म्हणतात, असलं म्हातारं नाव लेकराला कशाला. आम्ही आग्रह केला की उठून आत जातात. काय करू? (ठाणे)

अगं, त्या उठून आत जातात हे वाचून मला माझी आई आठवली. तिचं माहेरचं नाव शालिनी. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं, सुमती, तिला आधी कुणी विचारलंही नव्हतं. पुढे पन्नास वर्षं ती सुमती म्हणूनच वावरली, रेशनकार्डावर, बँकेत, पत्रिकांवर. पण मामाचा फोन आला आणि तो 'शालू' म्हणाला की तिचा आवाजच वेगळा व्हायचा, मुलीचा व्हायचा. तिच्या नातीला सुमती नाव ठेवू या असं मी म्हटलं तेव्हा तीही अशीच गप्प होऊन उठून गेली होती. मला कळायला फार उशीर झाला.

आपल्याकडे हे इतकं सर्रास होतं की मोठ्या बायकांची ओळखच त्या दुसऱ्या नावाने आहे. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी जन्माने यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही जन्माने यमुनाच. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरी मणिकर्णिका. या सगळ्यांना ज्या नावाने आई हाक मारायची ते आज शोधून वाचावं लागतं.

सुलोचना सुंदरच नाव आहे. पण त्यांच्या मनात ते कदाचित त्यांचं नसेलच, सासरी आल्यावर अंगावर पडलेलं असेल, आणि ते नातीला नको असं त्यांना वाटत असेल. मी चुकतही असेन, म्हणून तू अंदाज करू नकोस, विचार. नवरा घरात नसताना, बाळाला तेल लावताना वगैरे, सहज. नावाची घाई नाहीये, जन्मनोंदणीत बाळाचं नाव मागाहून घालता येतं, पहिल्या १२ महिन्यांत त्याला फीसुद्धा लागत नाही. शिवाय १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर महाराष्ट्रात मुलाच्या नावापाठोपाठ आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव, म्हणजे लेकीच्या नावाला लागून तुझं नाव असणार, तेवढंही म्हणून बघ कसं वाटतं.

सासूबाईंना एकच विचार, तुम्हाला माहेरी काय म्हणायचे. त्या जे नाव सांगतील ते मला लिहून पाठव, बारशाच्या आत.