गुणपत्रिका आणि गाडीचा विमा

प्रश्न : माझी मामेबहीण अमेरिकेत राहते. तिच्या सतरा वर्षांच्या मुलाला शाळेत चांगले गुण मिळाल्यामुळे गाडीच्या विम्याचा हप्ता कमी झाला, असे ती सांगते. माझा मुलगाही सतरा वर्षांचा आहे, अभ्यासात हुशार आहे आणि हंगामात बागेतून आंब्याच्या पेट्या आमच्या गाडीने स्वतः घरी आणतो. त्याची गुणपत्रिका दाखवून आम्हाला सवलत मिळेल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आपली बहीण सांगते ते खरे आहे. तिकडे गाडी कोण चालवणार, हे पाहून हप्ता ठरतो. नवशिक्या मुलांचे अपघात जास्त होत असल्याने त्यांचे नाव पॉलिसीत आले की हप्ता चांगलाच चढतो. मात्र सरासरी ‘बी’ किंवा त्याहून वरची श्रेणी असलेल्या विद्यार्थ्याला अनेक कंपन्या सवलत देतात, कारण नेमाने अभ्यास करणारा मुलगा गाडीही जपून चालवतो, असा त्यांचा हिशेब असतो.

आपल्याकडे गुणपत्रिका कोणी विचारत नाही. सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई देणाऱ्या विम्याचा, हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मुख्यतः तिची किंमत, वय आणि नोंदणीचे ठिकाण यांवर ठरतो. दावा न केल्यास या दुसऱ्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

परंतु आपल्या पत्रातील पेट्यांचे वाक्य वाचून मला काळजी वाटली. आपल्या भागातील वाटा दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जातात, वळणापलीकडून येणारे माणूस वा जनावर अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही, आणि तेथे हुशारीपेक्षा सरावलेला हात लागतो. त्यातच चारचाकीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. विनापरवाना मुलाच्या हातून अपघात झाला, तर कंपनी आपल्या गाडीची भरपाई नाकारू शकते आणि जखमीला दिलेली रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा या हंगामात गाडीची किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. अठरावे पूर्ण होताच त्याला शिकाऊ परवाना काढून द्यावा आणि परवानाधारक जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच शिकू द्यावे.