मुलीला सफाईचा व्यवसाय काढायचा आहे: एका वडिलांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, दोन वर्षे सुटीत तिने एका सफाई संस्थेत काम केले आहे, आणि परीक्षा संपताच मैत्रिणीच्या भागीदारीत घरांच्या व कार्यालयांच्या सफाईचा स्वतःचा व्यवसाय काढायचा तिचा निश्चय आहे. पुढील शिक्षणासाठी आपण बाजूला ठेवलेल्या पैशांतून फरशी घासण्याचे मोठे यंत्र घ्यावे, असा तिचा आग्रह आहे, आणि ओळखीतल्या एका कार्यालयाने दोन मजल्यांचे रोजचे रात्रीचे काम देऊ केले आहे. परवानगी द्यावी का आणि पैसे द्यावेत का, असे आपण विचारले आहे. मात्र ‘इतके शिकून हातात झाडूच घ्यायचा होता, तर शिकवले कशासाठी?’ या आपल्या वाक्यात खरे दुखणे आहे, असे मला वाटते, म्हणून सुरुवात तेथूनच करते.

स्वच्छतेच्या कामात बुद्धीला वाव नाही हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ हे इंग्लंडमधील अभियंते होते. 1901 मध्ये त्यांनी धूळ ओढून घेणारे यंत्र तयार केले, ते इतके मोठे होते की घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभे करावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. बूथ सुरुवातीला यंत्र विकत नव्हते, सफाईची सेवा विकत होते. 1902 मध्ये इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्याभिषेकापूर्वी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील गालिचे त्यांच्याच यंत्राने स्वच्छ झाले. पुढे काही वर्षांनी अमेरिकेतील ओहायो राज्यात मरे स्पँगलर या सफाई कामगाराने, झाडताना उडणाऱ्या धुळीने दम्याचा त्रास होतो म्हणून, पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असे यंत्र बनवले आणि 1908 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आपली मुलगी यंत्र शोधून काढील असे मला सुचवायचे नाही. ज्याने स्वतः फरशी पुसली आहे, त्यालाच त्या कामातील अडचण दिसते, आणि आपल्या मुलीने ती पुसली आहे, एवढेच मला सांगायचे आहे. व्यवसाय काढू पाहणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांकडे ही जमेची बाजू असते.

तेव्हा तिचे शिक्षण वाया जाण्याची भीती आपण मनातून काढून टाकावी. उलट या व्यवसायात जे सर्वाधिक कमी पडते ते तिला शिकवले गेले आहे, आणि ते म्हणजे हिशेब. याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपली काळजी चुकीच्या जागी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलेला एक मुलगा असाच व्यवसाय काढून सहा महिन्यांनी पुन्हा भेटायला आला. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. त्याच्या कामाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती, तरी महिनाअखेर हाती काही उरत नव्हते. आम्ही कागद घेऊन त्याचा आदला दिवस मांडला. तो घराबाहेर दहा तास होता. तीन ठिकाणची प्रत्यक्ष सफाई साडेपाच तास, येण्याजाण्यात दोन तास, नवे घर पाहून दर सांगण्यात एक तास, फडकी धुणे, बादल्या व बाटल्या भरणे आणि किल्लीसाठी थांबणे यांत एक तास, उरलेला अर्धा तास फोन आणि बिले यांत. गिऱ्हाइकाकडून तो पैसे घेत होता ते साडेपाच तासांचे, आणि तोही दर नोकरीत तासाला मिळत असे तेवढाच लावलेला. दहा तासांचा मोबदला साडेपाच तासांतून निघायचा असेल, तर प्रत्येक तासाचा दर नोकरीच्या दराच्या सुमारे 1.8 पट हवा, आणि त्यावर साहित्य, विमा, कर, आजारपणाचे दिवस आणि नफा वेगळा. ही बेरीज कागदावर पाहून तो बराच वेळ गप्प बसला होता. तो आळशी नव्हता, अप्रामाणिक नव्हता. आपल्या वेळेचा जवळजवळ अर्धा भाग तो फुकट देत होता आणि ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या मुलीने म्हणून घर किंवा कार्यालय प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय दर सांगू नये. अनेक महिने न घासलेल्या स्नानगृहाला पहिल्या दिवशी जो वेळ लागतो, तो दर आठवड्याला होणाऱ्या सफाईच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे पहिल्या खोल सफाईचा दर आणि नंतरच्या नियमित कामाचा दर हे दोन वेगळे असायलाच हवेत. दरपत्रकात काय करणार हे लिहावे, आणि काय करणार नाही हेही लिहावे: खिडक्या आतून की बाहेरूनही, कपाटे हलवायची की नाही, फ्रिज आतून पुसायचा की नाही, कचरा खाली कोणी न्यायचा. या व्यवसायातील बहुतेक वाद घाणीवरून होत नाहीत, न लिहिलेल्या अपेक्षांवरून होतात.

आता कामाच्या ज्ञानाबद्दल. हेर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये सफाईचे चार घटक मांडले: रसायन, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ. यांतील एक कमी केला, तर उरलेल्यांनी ती उणीव भरून काढावी लागते. नळाच्या बुडाशी साचलेला पांढरा क्षार पाहा. नवखा माणूस तो तारेच्या घासणीने खरवडतो, क्षार निघतो, पण नळाच्या चकाकीवर कायमचे ओरखडे राहतात. जाणकार माणूस व्हिनेगरमध्ये भिजवलेला फडका नळाभोवती गुंडाळतो, तोवर आरसा पुसून घेतो, आणि वीस मिनिटांनी येऊन फडका सोडतो, तेव्हा मऊ पडलेला थर जुन्या दात घासण्याच्या ब्रशनेही सुटून येतो; मग पाण्याने धुऊन कोरडे केले की काम संपते. जोराच्या जागी वेळ वापरला, इतकेच. पण हाच आम्लाचा फडका संगमरवरावर ठेवला, तर दगडाची झिलई जाऊन पांढुरका डाग उमटतो, कारण क्षारात जे कॅल्शियम कार्बोनेट असते तेच संगमरवरातही असते. तो डाग पुसून जात नाही, दगडाला पुन्हा पॉलिश करावे लागते, आणि त्याची भरपाई त्या घरातून झालेल्या साऱ्या कमाईपेक्षा जास्त होऊ शकते. असा प्रसंग आपल्यावर येणार नाही असे गृहीत धरू नये. दुसऱ्याच्या वस्तूंच्या नुकसानीचा विमा पहिल्या दिवसापासून असावा.

एका गोष्टीत मात्र मी कसलीही सवलत देणार नाही. ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. बंद स्नानगृहात हे जिवावर बेतू शकते. कोणतेही दोन द्रव एकमेकांत मिसळायचे नाहीत, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी, हातमोजे हवेत आणि खिडकी उघडी हवी. हे तिला ठाऊक असेलही, परंतु उद्या ती ज्या मदतनीस मुलाला कामावर ठेवील त्यालाही ते ठाऊक करून देण्याची जबाबदारी तिची असेल. प्रमाणाचेही तसेच आहे. 5 टक्क्यांच्या ब्लीचपासून 0.1 टक्क्याचे द्रावण करायचे असेल, तर एक भाग ब्लीचला 49 भाग थंड पाणी लागते. अंदाजाने ओतलेले जास्त ब्लीच अधिक स्वच्छता करत नाही, फुप्फुसांना आणि कपड्यांना इजा मात्र करते. आधी मळ काढायचा, मग जंतुनाशक लावायचे, आणि बाटलीवर सांगितलेला वेळ तो पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. शौचालयाचे फडके स्वयंपाकघरात जाऊ नयेत यासाठी जागेनुसार फडक्यांचे रंग वेगळे ठेवण्याची पद्धत अनेक व्यावसायिक संस्थांत असते. तिने ती पहिल्या दिवसापासून पाळावी.

यंत्राला माझा आज विरोध आहे. मोठ्या सलग फरशीवर ते उत्तम चालते, पण खुर्च्या, तारा आणि अरुंद वाटा असलेल्या जागेत त्याचा निम्मा वेळ वळवण्यातच जातो, आणि ते न्यायला वाहन, ठेवायला जागा व दुरुस्तीला पैसा लागतो. एखाद्या कामासाठी ते हवेच असेल, तर भाड्याने मिळते का ते पाहावे. चांगला मॉप, मायक्रोफायबरची भरपूर फडकी, दोन बादल्या, एक व्हॅक्यूम क्लीनर आणि मोजक्या तीन-चार रसायनांवर घरांची कामे नीट होतात.

कार्यालयाचे काम मोहाचे आहे, म्हणून त्याची तारखांनिशी तपासणी करावी. बिल महिनाअखेरीस जाणार असेल आणि पैसे त्यानंतर 45 दिवसांनी मिळणार असतील, तर पहिली रक्कम हाती येण्यास 75 दिवस लागतील. या काळात मदतनिसाचा पगार थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये, कारण त्याच्याही घरी तारखा असतात. आपल्याला मदत करायचीच असेल, तर ती यंत्रासाठी न करता या खेळत्या भांडवलासाठी करावी, रक्कम आधी ठरवावी, आणि शिक्षणासाठीच्या ठेवीचा मोठा भाग तसाच राहू द्यावा. कार्यालयाशी पंधरवड्याला बिल देण्याची बोलणी करून पाहावी. रात्रीच्या कामाला दोघींनी एकत्रच जावे. किल्ल्या कोणाकडे, इमारतीत कोण हजर असेल, परतीची सोय काय, हे लेखी ठरल्याखेरीज होकार देऊ नये. पहिल्याच वर्षी सारी कमाई एका गिऱ्हाइकावर अवलंबून असू नये.

भागीदारीबाबत थोडक्यात सांगते. दोघी मैत्रिणी आहेत म्हणूनच करार लेखी हवा. पैसा कोणाचा किती, काम कोणाचे किती, आणि एकीला सोडून जायचे झाल्यास साहित्य व गिऱ्हाइके कोणाकडे राहतील, हे आज गोडीत लिहून ठेवणे सोपे आहे. व्यवसायाची नोंदणी आणि कर यांचे आपल्याकडील नियम तिने परीक्षेनंतर स्वतः संबंधित कार्यालयात जाऊन समजून घ्यावेत. तोही शिक्षणाचाच भाग आहे.

परवानगीबद्दल विचारले आहे, तर माझा सल्ला होकाराचा आहे, पण परीक्षा झाल्यावर आणि पहिले तीन महिने केवळ घरांच्या कामापुरता. तिला एक साधी वही घेऊन द्यावी. पहिले घर पाहायला ती जाईल तेव्हा घरमालकांची हरकत नसल्यास आपणही सोबत जावे, काही न बोलता उभे राहावे, आणि किती वेळ लागेल असे ती म्हणते ते वहीत डाव्या बाजूला लिहावे. काम झाल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ तिने उजव्या बाजूला लिहावा, येण्याजाण्याच्या वेळेसकट, आणि पुढे प्रत्येक घराचे असेच करत राहावे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ती वही घेऊन आपण दोघेही माझ्याकडे या. कार्यालयाचे काम स्वीकारायचे की नाही, आणि यंत्र घ्यायचे की नाही, हे आपण त्या दोन रकान्यांवरून ठरवू.

आपली,
करिअर मार्गदर्शक